फोनवर दाखवलेले पाय

मरोळच्या मासळी बाजारात मंजुळाशी घासाघीस करायची म्हणजे माणसाला छाती लागते. भाव ऐकून कुणी नाक मुरडलं की ती त्या बाईकडे वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते, "जा बाय, घरी जा, डाळ शिजव." तोंडाचा पट्टा असा की बाजूच्या कोळणीसुद्धा तिच्या वाटेला जात नाहीत. पण तिच्या मालाबद्दल ब्र काढायची कुणाची बिशाद नाही. बाकीच्या जणी पापलेटांवर पाणी मारमारून त्यांना चमकवतात, बरी बाजू वर करून मांडतात. ही बया स्वतःहून माशाचा कल्ला उचलते आणि आतला लालभडक रंग दाखवते. "वरचं काय बघतेस? वरून सगळेच गोरे. आत बघ, आत." आयुष्यात तिने कुणाला काटा मारला नाही. एक मासा दाखवायचा आणि पिशवीत दुसराच सरकवायचा, ही बाजारातली सर्रास चाललेली लबाडी तिने कधी केली नाही.

एकदाच केली. तीसुद्धा गिऱ्हाइकाशी नाही, स्वतःच्या नवऱ्याच्या डॉक्टरशी. काय म्हणावं आता ह्याला? जन्मभर सरळ चाललेल्या बाईचा पाय घसरावा तो नेमका तिथेच, जिथे घसरायला नको होता.

ती डॉक्टर म्हणजे रेवती कर्णिक. मंजुळाने तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. तिची आई शुभा मरोळच्याच एका जुन्या सोसायटीत राहायची, विमा कंपनीत नोकरीला होती. रविवारी सकाळी लेकीचं बोट धरून बाजारात यायची. शुभाताईंना मासा खायला छान येत होता, पण निवडून घ्यायला काही केल्या येत नव्हता. शेवटी मंजुळाने त्यांचा नाद सोडला आणि पोरीला हाताशी धरलं.

"इकडं ये गो. ह्याच्या कल्ल्यात बोट घाल. लाल हाय ना? चिकट नाय ना? मग घ्यायचा."

पोरगी न घाबरता बोट घालायची, वास घ्यायची आणि मोठ्या बाईसारखा चेहरा करून आईला सांगायची, "हा घे." मंजुळा खदखदून हसायची. "ताई, ही तुझी पोर डाक्टरीण होनार बघ. आत बोट घालायची भीती कशी ती नाय!" म्हटलं होतं मस्करीत. पण पोरगी खरंच डॉक्टर झाली, आणि झाली तीही हृदयाची.

मंजुळाचा नवरा लहू. बायकोच्या अगदी उलट माणूस. उभा जन्म बोटीवर खलाशी म्हणून गेला, पण आवाज कधी चढला नाही. घरी आला की भिंतीला टेकून बसायचा आणि मंजुळाची बडबड हसत हसत ऐकायचा. ती चिडायची, "अरे, तू पन काय तरी बोल ना!" तर म्हणायचा, "तू बोल, मंजे. दर्यावर नुसता वारा ऐकून ऐकून कान किटतात. घरी तरी काय बरं ऐकू दे." ह्यावर काय भांडणार? मंजुळाला साऱ्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात भांडायला एकच माणूस मिळाला नाही, तो हा.

जाळं ओढताना लहूला धाप लागायला लागली तेव्हा मंजुळाने त्याला अंधेरीच्या एका हॉस्पिटलात नेलं. पडदा सरकवून डॉक्टर आत आली आणि म्हणाली, "मावशी, ओळखलंत का?" मंजुळाने तिच्याकडे बघितलं आणि भर हॉस्पिटलात तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. तिथून लहू रेवतीचा पेशंट झाला.

"काकांचं हृदय थकलंय," रेवतीने समजावलं. "पंप नीट चालत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. आधी पायांत, मग छातीत. ही गोळी ते पाणी काढते. मीठ कमी करायचं, सुकी मासळी बंद, आणि मावशी, तुम्ही पायांवर लक्ष ठेवायचं."

"दर्यात कवा बुडलो नाय," लहू म्हणाला, "आता काय घरात बुडनार?"

"नाही बुडणार काका. मी आहे ना."

कोळ्याच्या घरात सुकट बंद! पण मंजुळाने ती केली. बोंबील, जवळा, सगळं उचलून शेजारच्या चंपाकडे दिलं. लहूची कालवणं अळणी झाली. तो पहिला घास घेऊन तोंड वाकडं करायचा आणि मग गुपचूप जेवायचा. सून शीतल घरात होती, हुशार मुलगी, गोळ्यांच्या वेळा तीच सांभाळायची. मुलगा नितेश बोटीवर असायचा. दर महिन्याला मंजुळा लहूला घेऊन हॉस्पिटलात जायची आणि जाताना रेवतीसाठी काहीतरी साफ करून, डब्यात घालून न्यायची. रेवती म्हणायची, "मावशी, हे हॉस्पिटल आहे." मंजुळा म्हणायची, "मग काय झालं? हॉस्पिटलात मानसं जेवत नायत काय?"

असं बरं चाललं होतं. मग तो आजार आला आणि सगळ्याची वाट लागली. बाजार बंद, बोटी किनाऱ्याला, नितेश रत्नागिरीकडे एका बोटीवर अडकलेला. हॉस्पिटलची ओपीडीही बंद. हृदयाच्या माणसाला तर ह्या आजाराची जास्तच भीती, म्हणून रेवतीने स्वतःच निरोप धाडला. काकांना अजिबात बाहेर काढू नका, मी दर आठवड्याला व्हिडिओवर बघीन.

पहिल्या कॉलच्या दिवशी मंजुळाने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. डॉक्टरीण घरी येणार म्हणजे काय! लादी पुसली, खुर्चीवर धुतलेली चादर टाकली, लहूला आंघोळ घालून इस्त्रीचा शर्ट चढवला, केसांना तेल लावून भांग पाडला. रेवती स्क्रीनवर दिसली तशी हिने बशीत चहा ओतून फोनसमोर सरकवला. शीतल तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आई, त्या फोनमध्ये आहेत!" "माहीत हाय मना. पन विचारायला नको?" पलीकडे रेवतीही हसली. म्हणाली, "ठेवा मावशी, सगळं संपलं की येऊन पिते."

आणि खरं सांगायचं तर ह्या फोनने लहूला काही महिने छान सांभाळलं. एकदा त्याला उठताना अंधारी यायला लागली, तर रेवतीने शीतलकडून ब्लडप्रेशर मोजून घेतलं, एक गोळी कमी केली, आणि तो बरा झाला. मंजुळा दिवसभर गल्लीत सांगत फिरली, "अगो, माझी डाक्टरीण फोनमदनं औषध देते!"

मग तांडेलाचं झालं. लहू ज्या बोटीवर होता त्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. बाजूच्याच गल्लीत राहायचा, लहूचा तरुणपणापासूनचा सोबती. घरोघर तपासणीला आलेल्या मुलींना तो सहज बोलून गेला की जरा धाप लागते. दुपारी गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली, आणि तांडेल स्वतःच्या पायांनी चालत गाडीत चढला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. त्याच्या बायकोला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तो गेल्याचं फक्त फोनवर कळवलं. ती बाई दाराच्या उंबऱ्यात बसून किती दिवस एकच विचारत होती, तोच होता ना, तोच होता ना?

त्या दिवसापासून कोळीवाड्यात 'धाप' हा शब्द कुणी उच्चारेना. ज्याने तोंडातून काढला त्याला गाडी घेऊन जाते, असं सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं. लहू तर दोन दिवस जेवलाच नाही. मग एका संध्याकाळी मंजुळाचा हात धरून म्हणाला, "मना त्या गाडीत नको घालू, मंजे. जे व्हायचं ते हितंच होऊ दे, तुज्यासमोर." आयुष्यात त्याने तिच्याकडे मागितलेली ही एवढी एकच गोष्ट. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

पावसाळा सरत आला तशी लहूच्या पायांना सूज दिसायला लागली. आधी घोट्यापाशी, मग वर. रेवतीने सुरुवातीलाच बजावलं होतं, "सूज आली तर लगेच सांगा मावशी, वेळ घालवू नका." काळजीने सांगितलेलं ते वाक्य मंजुळाच्या कानात आता धमकीसारखं वाजायला लागलं. लगेच सांगा म्हणजे काय? म्हणजे लगेच गाडी. पुढच्या कॉलला रेवतीने विचारलं, "काका आडवे झोपतात ना? किती उश्या लागतात?"

"येकच," मंजुळा म्हणाली. लहू तीन उश्या घेऊनही झोपू शकत नव्हता, रात्र रात्र खुर्चीत बसून काढत होता.

"वजन?"

"हाय तेवढंच."

शीतल फोन धरून उभी होती. तिने सासूकडे बघितलं, पण पदराआडून मंजुळाने असे डोळे वटारले की ती गप्प बसली. कॉल संपल्यावर मात्र म्हणाली, "आई, खोटं कशाला सांगायचं? त्या आपल्या आहेत ना?"

"आपली हाय ती. गाडी आपली नाय," मंजुळा म्हणाली, आणि विषय संपला.

प्रत्येक कॉलच्या आधी ती लहूला तासभर स्वस्थ बसवायची, म्हणजे श्वास जरा जागेवर येईल. गालांना हलकीशी पावडर लावायची. खुर्ची खिडकीपाशी उजेडात ओढायची, पायांवर चादर टाकायची. पापलेटांवर पाणी मारणाऱ्या बायकांना जिने जन्मभर नावं ठेवली, ती स्वतःच्या नवऱ्याला बरी बाजू वर करून मांडत होती. हे तिला त्या वेळी कळत नव्हतं का? कळत होतं. पण माणसाच्या मनात एकदा भीती शिरली की त्याला आपलंच खरं वाटायला लागतं.

रेवती मात्र मंजुळाच्याच हाताखाली तयार झालेली. वरवरच्या रंगावर किती दिवस भरवसा ठेवील? एक दिवस तिने शीतलला निरोप दिला, "उद्या मला काकांचे पाय बघायचेत. नुसतं सांगू नका, दाखवा."

मंजुळाच्या पायाखालची जमीनच सरकली. लहूचे पाय गुडघ्यापर्यंत टम्म फुगले होते, कातडी चकचकीत ताणलेली. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरतच नसे. ते पाय रेवतीने बघितले की संपलं.

सकाळी तिने शीतलला औषधांच्या दुकानात पाठवलं. "पान्याची गोळी संपत आली, घेऊन ये. घाई नाय, गर्दी असंल तर थांब." शीतल गेली. मंजुळाने दार लोटलं, मोरीतला साबण घेतला, आणि लहूसमोर लादीवर बसून स्वतःच्या पायातली जोडवी काढायला घेतली.

लग्नात चढवली होती ती कधी उतरली नव्हती. बाळंतपणात नाही, पाय मुरगळून सुजला तेव्हाही नाही. बोटाच्या पेरावर ती अडकली. साबण चोळला, ओढली, पिरगाळली. उजवी निघाली. डावीला कातडी सोलवटून आली.

लहू खुर्चीतून बघत होता. "काय करतेस गो?"

"गप बस तू."

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं. त्याचे डोळे भरले. "बाय माझी, असं नको करू. हे चांगलं नाय."

"मग गाडीत बसून जातोस? सांग, जातोस?" ती खेकसली. लहूने मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तिचे पाय तसे बाईचे वाटत नसत. आयुष्यभर बर्फाच्या आणि खारट पाण्यात उभं राहून रापलेले, रुंद, भेगाळलेले. ती लहूच्या खुर्चीला लागून स्टुलावर बसली, मांडीवर त्याची चौकड्याची लुंगी पसरली. फोन वाजला. आधी लहूचं तोंड दाखवलं. तो कसाबसा हसला. मग रेवती म्हणाली, "पाय," आणि मंजुळाने फोन खाली नेला, आणि नेता नेता जरासा बाजूला. स्वतःच्या पायांवर.

"हाडावर अंगठा दाबा मावशी. जरा दाबून धरा. हं, सोडा. खड्डा पडला?"

"नाय."

"परत एकदा. चित्र अडकतंय, नेटवर्क नीट नाही... हं, आता दिसलं. अरे वा! काकांचे पाय माझ्यापेक्षा बरे आहेत की. मी उगाच घाबरले. मग गोळ्या आहेत तशाच चालू ठेवू."

फोन ठेवल्यावर मंजुळाने एवढा मोठा सुस्कारा सोडला. जिंकली होती ती! तिला त्या क्षणी आनंदच झाला, आणि त्या आनंदाचीच तिला आज सगळ्यात जास्त चीड येते.

लहू म्हणाला, "जोडवी दे हिकडं. मी घालतो."

"तुना जमनार नाय."

"दे म्हनतो ना."

तिने पाय पुढे केला. लहू खुर्चीतून वाकला आणि वाकल्याबरोबर त्याचा श्वास कोंडला. तोंड काळंनिळं पडलं, हातातलं जोडवं खाली घरंगळलं. मंजुळाने त्याला सावरून सरळ बसवलं, छाती चोळली. "राहू दे. बोट सोलवटलंय, जखम भरली की मीच घालते." तिने जोडवी देवाच्या फळीवर ठेवली. शीतल गोळ्या घेऊन आली, तिने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"पाय चांगले हायत म्हनाल्या."

शीतलने सासऱ्याच्या पायांकडे बघितलं, मग सासूच्या उघड्या बोटांकडे. आधीच्या गोळ्या अजून उरल्या होत्या, म्हणून नवं पाकीट तिने न फोडताच डब्यात ठेवून दिलं.

बोटाची जखम भरली नव्हती तोच लहू गेला. सकाळी चहा मागितला, अर्धा प्यायला, म्हणाला, "अजून थोडा दे." मंजुळा आतून टोप घेऊन आली तोवर मान छातीवर टेकलेली होती. घरातच गेला, खिडकीपाशी, तिच्यासमोर. शपथ पुरी झाली. मोजकी माणसं जमली, पण त्याचं तोंड सगळ्यांनी बघितलं. गाडी आली नाही.

शेजारची चंपा सौभाग्याचं लेणं उतरवायला तिच्याजवळ बसली. बांगड्या झाल्या, मंगळसूत्र झालं. मग तिचा हात पायांकडे गेला आणि तिथेच थांबला. "आधीच काढलीस?" तिने हळूच विचारलं. मंजुळा तोपर्यंत रडली नव्हती. तेव्हा जी रडायला लागली ती थांबेना. जिता नवरा समोर बसलेला असताना आपल्याच हाताने, साबण लावून! लोकांनी काय म्हणावं ह्याची तिला पर्वा नव्हती. आपणच त्याला आधी घालवला, हे तिच्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी रेवतीचा फोन आला. शीतलने सांगितलं.

दिवस गेले. बोटी पाण्यात गेल्या, बाजार उघडला, मंजुळा पुन्हा मरोळला बसायला लागली. तोंडाचा पट्टा पूर्वीचाच, निदान गिऱ्हाइकांना तसं वाटायचं. रविवारी शुभाताई यायच्या, गुडघे धरत धरत. रेवती मात्र फिरकली नाही. मंजुळाने मनाशी ठरवून टाकलं की पोरीला कळलंय. कळल्यावर ती कशाला येईल? शुभाताईंना विचारायची छाती मात्र ह्या छातीच्या बाईला होत नव्हती.

आणि मग एका रविवारी रेवती आली. एकटीच. वाळली होती. पाटीसमोर उकिडवी बसली, सवयीने एका पापलेटाचा कल्ला उचलला, बघितला आणि तसाच सोडून दिला.

"मावशी, मला तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं," ती म्हणाली.

मंजुळाला काही कळेना. "तुना?"

"मी काकांचे पाय बघितले होते. नीट बघितले होते. सूज नव्हती. आणि आठवडा पण गेला नाही तर..." तिने ओठ चावला. "छातीत एवढं पाणी भरत होतं आणि मला दिसलं नाही. सगळे म्हणतात, फोनवर असं होतं, तुझा दोष नाही. पण मला रोज ते पाय आठवतात. आता मी फोनवरून पेशंट बघणं बंद करतेय. आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे काही म्हातारे अजून फोनवर आहेत माझे, त्यांना हॉस्पिटलात येणं जमत नाही. पण माझा माझ्या डोळ्यांवर भरवसाच राहिला नाही, मावशी. उद्या आणखी कुणाचं असं झालं तर?"

मंजुळाच्या हातातला कोयता तसाच राहिला. म्हणजे पोरीला काहीच कळलेलं नव्हतं! ती इतके दिवस स्वतःलाच खात बसली होती. आत्ताही मंजुळा गप्प राहिली असती तर कोण विचारणार होतं? लहू नव्हता. शीतल कधी बोलली नसती. दोन शब्द समजुतीचे बोलून, दोन पापलेटं बांधून देऊन विषय मिटला असता.

तिने कोयता खाली ठेवला. हात पदराला पुसले. पाटी बाजूला सरकवली, लुगडं जरा वर ओढलं आणि दोन्ही पाय ओल्या लादीवर रेवतीच्या पुढ्यात ठेवले.

"बघ," ती म्हणाली. "तू बघितलेस ते हे."

रेवती बघत राहिली. रुंद, भेगाळलेले पाय. अंगठ्याशेजारच्या दोन्ही बोटांवर कातडीचे फिकट पट्टे, आणि डाव्या बोटावर सोलवटल्याचा जुना डाग. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"जोडवी?"

"मीच काढली. साबन लावून. तो समोर बसलेला."

"आणि काकांचे पाय?"

"गुडघ्यापरत सुजलेले."

रेवती ताडकन उठली. "मावशी!" आजूबाजूच्या कोळणी वळून बघायला लागल्या. "मला फसवलंत? मला? कल्ला उचलायला कुणी शिकवलं मला? मी झोपले नाही हो कितीतरी रात्री! माझ्या हातून माणूस गेला म्हणून रडत बसले मी!" आयुष्यात पहिल्यांदाच मंजुळा कुणाचं इतकं ऐकून घेत होती.

"तांडेलाला नेला तसा तू ह्याला नेशील म्हनून," ती शेवटी म्हणाली. "तेनं मना सांगितलेलं, गाडीत नको घालू. मी शपथ घेतलेली. तू मार मना, काय पन कर. पन तो फोन बंद नको करू गो. तुजे डोळे बरोबर हायत. ह्याच्यापुढं कुनाचे पाय बघशील तर तोंडासकट बघ. पायावरनं तोंडापरत फोन नेऊन दाखवायला सांग. माज्यासारखी कोन बसली असंल तर पकडशील."

रेवती पुन्हा खाली बसली. राग विरला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते बघवत नव्हतं. बराच वेळ ती मंजुळाच्या पायांकडेच बघत होती.

"मी कुठे नेणार होते त्यांना, मावशी?" ती हळू म्हणाली. "तेव्हा हॉस्पिटलात जागा तरी कुठे होती? म्हणून तर फोनवर बघत होते. घराबाहेर काढायचं नाही म्हणून."

"मग सूज बघून काय केलं असतंस?"

"पाण्याची गोळी वाढवली असती. सकाळी एक घेत होते, सकाळी दोन दिल्या असत्या. रोज फोन करून विचारलं असतं. बस."

"घरीच?"

"घरीच. त्याच खुर्चीत."

"आनि मग ऱ्हायला असता?"

खोटं बोलणं रेवतीला सोपं होतं, पण तिने ते केलं नाही. "सांगता येत नाही. पण बऱ्याच जणांचं उतरतं पाणी."

एका बाईने पुढे येऊन पापलेटाचा भाव विचारला. मंजुळाला ते ऐकूच आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर घरातला डबा होता आणि डब्यातलं ते न फोडलेलं पाकीट. शीतलने दुकानातून आणलेलं. फेकायला तिचा हात कधी झाला नव्हता आणि का झाला नव्हता, हेही तिला आजवर कळलं नव्हतं.

"गोळ्या घरात होत्या गो," ती म्हणाली. "तुना पाय दाखवले त्याच सकाळी आनलेल्या."

रेवतीने तिचे ओले, गार पाय हातांत धरले आणि दोघी तिथेच लादीवर बसून राहिल्या.